मेल कुठून आला

‘गंधालीवर पुन्हा हात उचललास तर गाठ माझ्याशी आहे.’ बायकोवरून धमकावणारा निनावी मेल वाचून निहारच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॉम्प्युटरवाला माणूस तो. मेलचा हेडर उघडून त्यानं माग काढला, तर सोसायटीच्या ऑफिसातलं वायफाय. त्यानंच जोडून दिलेलं.

ऑफिसात दिवसभर बसणारा एकच, सेक्रेटरी मार्तंड. निहारनं त्याला कॉलर धरून खाली पार्किंगमध्ये ओढत आणलं. पहिल्या ठोशात चष्मा फुटला, दुसऱ्यात नाक.

“आई शप्पथ, मी नाही रे पाठवला,” मार्तंड रक्त गिळत म्हणाला. निहार लाथा घालतच राहिला. गॅलऱ्या माणसांनी भरल्या, चौघांनी मिळून त्याला मागे खेचलं.

तो धापा टाकत घरी आला, तर दारात आई चपला घालून उभी होती. मागे सुजलेल्या डोळ्याची गंधाली.

“मेल मी पाठवला. भजनाला ऑफिसात जमतो ना आम्ही, तेव्हा फोनवरून,” आई म्हणाली. “त्या बिचाऱ्याला नाहक मार बसला. पण बंद दाराआड तू हिला मारायचास, त्याला साक्षीदार माझ्याशिवाय कुणी नव्हता. आज अख्ख्या सोसायटीनं तुझा हात बघितलाय. चल गं गंधाली, पोलीस स्टेशनला.”