जीपची चेसिस, व्हॅनची बॉडी
गुणाबाईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी चंद्रपूरला न्यावं लागे. थोरला मुलगा धनराजच्या उंच जीपमध्ये तिला चढवत नव्हतं आणि धाकट्या निकेशची व्हॅन जंगलातल्या रस्त्यावर चिखलात रुतायची. म्हणून दोघा भावांनी घरच्या अंगणातच जीपच्या चेसिसवर व्हॅनची बॉडी बसवली, दाराखाली लोखंडी पायऱ्या जोडल्या. मायला पहिल्यांदा गाडीत बसवलं, तेव्हा दोघंही लहान पोरांसारखे हसले होते. पुढे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत भाऊ एकमेकांविरुद्ध उभे राहिले. निकेश पडला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तो गॅस कटर घेऊन अंगणात आला. "माही बॉडी मले पाह्यजे." धनराजने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "घेऊन जाय. माही चेसिस मोकळी होते." ओसरीवरून गुणाबाई म्हणाली, "उद्या मले दवाखान्यात जायचं हाय रे." "भाऊ नेईल," निकेश म्हणाला. "काऊन? माह्या एकट्याची माय हाय काय?" धनराज उसळला. कटर पेटला. दिवस मावळेपर्यंत गाडीचे दोन तुकडे झाले. सकाळी आपापल्या दारात उभं राहून दोघांनी मायला फाटकाबाहेर जाताना पाहिलं. दुसरा जाईल, म्हणून एकही हलला नाही. थांब्यावर एसटी आली, पण गुणाबाईला चढता येईना. कंडक्टरने वरून विचारलं, "बाई, पोरंबाळं नाईत काय तुमाले?" "हायेत ना बापू, दोन हायेत," ती म्हणाली आणि वर ओढून घेण्यासाठी तिने त्याच्यापुढे हात केला.