चमचाभर व्हिनेगर

रविवारी लेक बापाकडे यायची आणि त्याने वाढलेलं ताट पोलिसाच्या नजरेने तपासायची. तो ट्रक चालवायचा; आज फेरीवरून येऊन ट्रक लावल्या लावल्या त्याने कोंबडीचे तुकडे तळून, अननस घालून आंबटगोड रस्सा केला होता. तिने वास घेतला, चमच्याने उकरून कांदा शोधला, एक तुकडा चाखला आणि डोळे बारीक केले. “बाहेरून आणलंस?” “छे, मीच केलं.” “थापा मारू नकोस. हे अगदी आईच्या हातचं लागतंय.” तो धुतलेलीच कढई घासायला लागला. “बाबा, तू तिला फोन केलास?” वर्षभर नवराबायकोच्या वतीने वकीलच बोलत होते. “व्हिनेगर किती, एवढंच विचारलं,” तो पाठमोराच पुटपुटला. “भांडलात?” “नाही गं. साखरेचं तिनेच आपणहून सांगितलं.” पोरीने बापाला आपादमस्तक न्याहाळलं, ताट चाटूनपुसून खाल्लं आणि बजावलं, “पुढच्या रविवारी तुला अजिबात येत नाही असं काहीतरी कर.”