लाल टोपी

रान्कोचं एक पत्र सव्वीस वर्षं माझ्या पुस्तकात पडून होतं. उत्तर लिहायला बसायचो, पण जमायचं नाही.

साराजेवोच्या मोठ्या स्टेडियममध्ये आम्ही प्रत्येक मॅचला शेजारी बसून भोपळ्याच्या बिया फोडायचो. "पुस्तकी किड्या, ही लाल टोपी घाल, नाहीतर गर्दीत तुला शोधू कुठे?" असं म्हणत त्यानेच ती माझ्या डोक्यावर ठेवली होती. मग युद्ध आलं. रान्को शहराला वेढा घालणाऱ्या बंदूकवाल्यांबरोबर डोंगरावर गेला आणि स्टेडियमशेजारचं सरावाचं मैदान आमचं कबरस्तान झालं. मी ती टोपी घालून तिथे कबरी खणायचो.

युद्ध संपल्यावर त्याने लिहिलं होतं, "दुर्बिणीतून तुझी टोपी रोज दिसायची. बाकी कुणाला सोडलं नाही, पण दोस्ता, तुझ्यावर एकदाही नेम धरला नाही."

काल अखेर उत्तर टपालात टाकलं.



"रान्को, तू दोस्ती पाळलीस. एक दिवस मी तापाने पडलो होतो, म्हणून माझ्या जागी माझा मुलगा नेदिम खणायला गेला. संध्याकाळी आम्ही त्याचीच कबर खणली. त्याला टोपी द्यायला मी विसरलो होतो."