लागण आणली कुणी?

बालवर्गाच्या गरोदर बाईंना पाचव्या महिन्यात ताप आला, अंगावर पुरळ उठलं आणि नवऱ्याने तिथल्या तिथे निकाल लावून टाकला. "तुझ्या वर्गातली ती शेंबडी पोरं! दिवसभर अंगाखांद्यावर खेळवतेस, त्यांनीच दिलं हे."

बाईंच्या रक्तात विषाणूची लागण निघाली. ती बाळापर्यंत पोचलीय का, हे पाहायला पोटात सुई घालून गर्भाभोवतीचं पाणी काढलं आणि तपासायला प्रयोगशाळेत पाठवलं. जाता जाता नवऱ्याचंही थोडं रक्त घेतलं.

 रिपोर्ट येईपर्यंत बाळ हललं की बाई पोटावर हात ठेवून तशाच बसून राहत. नवरा मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला पोरांच्या वाहत्या नाकांबद्दल तावातावाने सांगत सुटला होता.

अखेर प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. "पाण्यात विषाणू सापडला नाही. बाळापर्यंत काही पोचलेलं नाही."

बाईंना रडूच कोसळलं.

"तरी मी सांगत होतो, ती पोरं..." नवऱ्याने पुन्हा सूर लावला.

"पोरांचं मला माहीत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण तुमच्या रक्तावरून दिसतंय, ही लागण तुम्हाला यांच्या आधीच होऊन गेलीय. घरात ती बहुतेक तुम्हीच आणलीत."

"मध्ये जरा अंग दुखत होतं खरं..." नवरा पुटपुटला.

 

बाईंनी पदराने डोळे पुसले. "डॉक्टर, यांना घरी नेलं तर चालेल ना? की इथेच ठेवून घेता?"