गेटसमोरचं गोणपाट

भिमाबाई कारखान्याच्या गेटसमोर चिंचेखाली गोणपाट पसरून बसली, तेव्हा कुठे भगवान आत गेला. लेथवरचा तीस वर्षांचा गडी, आणि आई गेटवर. अंबरनाथच्या सगळ्या शेडमध्ये त्याचं हसू झालं होतं. पण आई जवळपास नसली की त्याच्या छातीत धडधडायचं, हातपाय गार पडायचे, आता मरणारच असं वाटायचं. कार्डिओग्राम काढून झाला होता. हृदय ठणठणीत होतं.

नवे शेठ मात्र हसले नाहीत. उद्यापासून एकटा ये, आईला आणलंस तर कायमची सुट्टी, एवढंच म्हणाले.

संध्याकाळी त्याने कल्याणचे मानसोपचाराचे डॉक्टर गाठले, आईला बाहेर बाकावर बसवून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ज्याच्यावाचून आपलं चालत नाही, त्याचाच राग आला तर माणूस तो गिळून टाकतो. मग तो असा छातीत धडका मारतो. आईचा राग येतो तुम्हाला?"

"आईचा? बाबा सकाळी कामाला गेले ते परत आलेच नाहीत. तिनंच वाढवलं मला. तिचा राग कसा येईल, साहेब?"

दुसऱ्या दिवशी तो एकटा निघाला. भिमाबाईने डबा हातात दिला. वाटभर तो छातीकडे कान लावून होता. काही झालं नाही. दिवसभर त्याने शाफ्ट कातले. शेठनी येऊन मान डोलावली. परतताना त्याने आईसाठी कांदाभजी घेतली. खूप दिवसांनी त्याला हलकं वाटत होतं.

शहाडच्या चाळीत त्यांच्या दारात बायका जमल्या होत्या. भिमाबाई भिंतीला टेकून बसली होती, घामाने निथळत, हात छातीवर, बोटं आखडलेली. शेजारच्या विठाने सांगितलं, सकाळी तू कोपऱ्यावर वळलास आणि हिला सुरू झालं, दिवसभर थांबून थांबून येतंय. तू शाळेत जायचास तेव्हाही असंच व्हायचं. तुझ्याबरोबर गेटवर जायला लागली, तेव्हा कुठं थांबलं होतं.

भिमाबाईने डोळे उघडले.

"तुला काय झालं नाय ना रे, गेटवर?"

भगवानने तिच्याकडे पाहिलं. काय बोललं की नोकरी जाणार, हे त्याला कळत होतं.

"झालं, आई. लई घाबरलो. उद्या तू चल."

तिची बोटं हळूहळू सुटली. बायका घरी गेल्या. भिमाबाई उठली आणि दारामागचं गोणपाट काढून बाहेर झटकू लागली.

पुडीतली भजी गार झाली होती. भगवानला राग आला नाही. फक्त छातीत धडधडायला लागलं.