देवरावची मान

कृष्णकांतने पिशवीतून रेकॉर्ड काढली ती छातीशी धरूनच. कव्हरवरचं चित्र कुणाला दिसू नये, अशी.

"काय आणलं गा आज?" ओमप्रकाशने विचारलं.

"ऐक तर आधी."

रामदासपेठेतल्या ओमप्रकाशच्या माडीवर हे दोघे आणि काटोलहून येणारा देवराव असे तिघे दोस्त बारा वर्षं दर रविवारी दहाला जमत. एकेका रविवारी एकेकाचा नंबर. ज्याचा नंबर त्याने विलायती बँडची रेकॉर्ड आणायची, आणि दोन्ही बाजू संपेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. आवडी बदलल्या नव्हत्या असं नाही. आधी गळ्यात गळा घालून गाणारी चार पोरं आवडली, मग झिपरे आले, मग ड्रम आणि गिटारींचा असा दणका, की शेजारच्यांनी खिडक्या लावून घ्याव्यात. पण बदल व्हायचा तो तिघांनी मिळून, आणि आणखी मोठ्या आवाजाकडे. हळुवार गाण्यांना इथे मज्जाव होता. हा नियम खुद्द कृष्णकांतचा. सहा वर्षांपूर्वी त्यांचा चौथा दोस्त वामन एक गोड गळ्याची रेकॉर्ड घेऊन आला, तेव्हा "तू आता भजनाले जात जा," असं म्हणून त्याला जिना दाखवणाराही तोच. वामन पुन्हा आला नाही.

आणि आता त्याच कृष्णकांतच्या हातात असली रेकॉर्ड होती. कुणाला ठाऊक नसलेला छोटासा बँड: एक लाकडी गिटार, एक व्हायोलिन, आणि कानाशी येऊन बोलावं तसं गाणारा एक पोरगा. सीताबर्डीच्या बाजारात जुन्या मालात मिळाली होती. दोन महिने तो ती घरी दार लावून ऐकत होता. रविवारच्या दणक्याने मात्र त्याचं डोकं उठायचं, आणि तरी तो मान डोलवायचा. हे सोंग आता त्याच्याने होईना. आज सांगून टाकायचं, मग काढलं तर काढलं. पण काढलं तर रविवारी सकाळी जायचं कुठे, या विचाराने त्याला रात्रभर झोप लागली नव्हती.

सुई टेकली. ओमप्रकाशने सवयीने आवाज पार वर नेला, आणि पहिल्याच तारेला त्याचा हात बटणावर थबकला. त्याने कृष्णकांतकडे पाहिलं. कृष्णकांतने स्वतःच्या पायांकडे. नियम होता, त्यामुळे कुणी बोललं नाही.

देवराव मात्र नेहमीसारखा डोळे मिटून बसला होता. मान जोरजोरात हलत होती, बोटं गुडघ्यांवर ताशा वाजवत होती. गाण्यात ड्रम नव्हताच. हा आपली थट्टा करतोय, असं वाटून कृष्णकांतचे कान तापले.

ओमप्रकाशची बायको सिंधूताई रविवारी या वेळी भाजी निवडायला शेजारी जायची. आज एका पायात चप्पल घालून ती दारातच थांबली. मग चप्पल काढून उंबऱ्यावर बसली.

पहिली बाजू संपली. नियम मोडला तो ओमप्रकाशने.

"कृष्णा, हे तू आणलं?"

"हो. मले ते दुसरं आता सोसत नाही. डोकं ठणकते. काढायचं असंन तर काढा मले."

ओमप्रकाशने आवाज कमी केला. "बस खाली," तो म्हणाला. "डोक्याची गोळी मी रविवारी साडेनऊलेच घेऊन ठेवतो."

"दोन वर्षं झाले, मीच देऊन राहिली," सिंधूताई म्हणाली.

"मग बोलला काहून नाही बे?"

"तू वामनले जिना दाखवला. माझं तर घरच हे आहे. मी कुठं जाऊ?"

कृष्णकांतला हसू आलं आणि लाजही वाटली. पण त्याहून जास्त त्याला हलकं वाटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा तो पाठ टेकून बसला.

"पुढच्या रविवारी वामनचा नंबर," तो म्हणाला. "मी स्वतः जातो त्याच्या घरी."

सुई शेवटच्या खाचेत टकटक करत होती. आणि देवरावची मान अजून हलत होती.

बाकीच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. सिंधूताईने उठून त्याच्या खांद्याला हात लावला. देवरावने डोळे उघडले, एक बोट एका कानात घातलं, मग दुसरं दुसऱ्या कानात, आणि कापसाचे दोन मोठाले बोळे काढून तळहातावर घेतले.

"संपली काय?"

कृष्णकांतने वाकून बोळ्यांकडे पाहिलं.

"काटोलहून निघालो की एस.टी.तच घालून घेतो," देवराव ओशाळून म्हणाला. "नाही तं मंगळवारपर्यंत कान वाजत राहते गा."

"अबे, मग येत काहून होता?" कृष्णकांतने विचारलं.

"रविवार होता ना."

ओमप्रकाशने सुई उचलली आणि पुन्हा पहिल्या गाण्यावर ठेवली. सिंधूताईने देवरावच्या हातातले बोळे घेतले आणि खिडकीतून टाकून दिले. गिटार वाजली, व्हायोलिन आलं, मग तो पोरगा कानाशी येऊन बोलल्यासारखा गाऊ लागला.

या खेपेला देवरावची मान हलली नाही.