फौजदाराचा खाऊ

"हे परत घ्या," म्हणत लेबलसाहेबांनी मोठी पिशवी काउंटरवर ठेवली. "फोडलेली नाही."

'लेबलसाहेब' हे नाव दुकानदारानेच ठेवलं होतं, अर्थात पाठीमागे. कुत्र्यांच्या खाऊच्या त्याच्या दुकानात लोक येत, पाकिटावरचं चित्र बघत आणि घेऊन जात. हे गृहस्थ मात्र चष्मा कपाळावर चढवून प्रत्येक पाकिटाची मागची बाजू वाचत. मांस किती टक्के, मीठ किती, रंग घातलाय का, तारीख कुठली. एकदा तर 'इतर घटक' म्हणजे नेमकं काय, हे विचारायला त्यांनी दुकानातूनच कंपनीला फोन लावला होता.

"काय झालं साहेब? फौजदाराला आवडलं नाही?"

"फौजदार गेला. मंगळवारी."

दुकानदाराचा हात पिशवीवरच राहिला. "अहो, पण रविवारी इथे माझ्या पायावर बसला होता की! चांगला ठणठणीत."

"ठणठणीतच होता. नऊ वर्षांत मी त्याला कांदा दिला नाही, द्राक्ष दिलं नाही, चॉकलेटचा कागदसुद्धा हुंगू दिला नाही." साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बायकोच्या पर्समध्ये च्युइंगम होतं. बिनसाखरेचं. त्यात साखरेऐवजी जे घालतात ना, ते कुत्र्याला विष. पर्स उघडी राहिली. संपलं."

"वहिनींना ठाऊक नसेल हो."

"फ्रिजवर यादी लावलीये मी. सतरावं कलम आहे ते."

दुकानदार पैसे काढायला लागला तसे साहेब वळले. "पैसे नकोत. दुसऱ्या कोणाच्या तरी कुत्र्याला द्या. पण तारीख बघून द्या."

घरी दार बायकोने उघडलं. पाच दिवस ते तिच्याशी बोलले नव्हते. पायांत कोणी घुटमळलं नाही, चपला पळवल्या नाहीत. साहेबांनी चपला सवयीने उंच फळीवर ठेवल्या आणि मग त्यांना कळलं की आता त्याची गरज नाही.

मंगळवारचा तो दवाखाना डोळ्यांसमोरून हलत नव्हता. टेबलावर फौजदार आडवा, तोंडाला फेस. डॉक्टरांनी विचारलं, "बिनसाखरेचं काही खाल्लंय का याने?" काचेपलीकडच्या बाकावर साहेबांची आई रिकामा पट्टा मांडीवर घेऊन बसली होती, तिच्याकडे बायकोने पाहिलं. लाज वाटली असणार, साहेबांना वाटलं. वाटायलाच हवी. मग ती म्हणाली, "माझ्या पर्समधलं च्युइंगम असेल."

लग्नाला बावीस वर्षं झाली, पण बायको च्युइंगम चघळते हे त्यांना त्या दिवशी कळलं. माणूस कळत नाही म्हणतात ते खोटं नाही.

आईला एवढंच सांगितलं होतं की, त्याने पर्समधलं काहीतरी खाल्लं. त्यांना तपशील नकोत, असं बायकोच म्हणाली होती.

साहेबांनी फ्रिजवरची यादी ओढून काढली. 'साखर : अजिबात नाही' हे पहिलं कलम ठळक लाल अक्षरांत होतं, कारण आईला चष्म्याशिवाय तेवढंच दिसायचं. बाकीची कलमं आपली मुंगीएवढी. कागद चुरगळून टाकायला त्यांनी कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं, तर आत आईच्या गोळ्यांचा निळा डबा.

तो त्यांनीच गेल्या रविवारी आणला होता. फौजदाराची पिशवी निवडायला पाऊण तास लागला होता. आईच्या घशाच्या गोळ्या औषधाच्या दुकानात समोर दिसल्या त्या उचलल्या होत्या. "कुत्र्याइतकं माझं नशीब कुठलं!" आई तेव्हा हसून म्हणाली होती.

"आईचा डबा कचऱ्यात कसा?" पाच दिवसांतलं त्यांचं पहिलं वाक्य.

"ओल लागली होती. मी दुसऱ्या आणल्यात."

"आठवडा नाही झाला आणून. नासाडी करण्यात तुझा हात कोण धरणार!"

फौजदाराचं घासलेलं भांडं बायकोने पुन्हा घासायला घेतलं. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. ते साहेबांना दिसले, पण त्यांचं मन काही द्रवलं नाही.

आई बाल्कनीत होती, पट्टा अजून तिच्या मांडीवरच. साहेब शेजारी टेकले. बायको आईचा फिका चहा घेऊन आली.

"बाळा, तिच्याशी बोल रे," आई म्हणाली. "चूक माणसाच्याच हातून होते. तिने काय मुद्दाम केलं?"

"मला नाही जमायचं. तिच्याकडे पाहिलं की तो टेबलावर दिसतो. ती चार दिवस माहेरी गेली तर बरं."

"अरे, काहीतरीच काय!"

"जाते मी," बायको हळूच म्हणाली. "उद्या जाते. आई, चहा घ्या, गार होतोय."

साहेबांना तो शांतपणा झोंबला. "आई, दिवसभर तो कोणाजवळ असायचा? तुझ्याजवळ. तुझ्या हातून नऊ वर्षांत झाली का अशी चूक? सांग हिच्यासमोर!"

"अहो, राहू द्या ना!" बायकोने घाईने कप आईपुढे केला. "आईंना कशाला त्रास? मी जातेय म्हटलं ना."

"नाही, सांगू दे. आई, तू कधी दिलंस त्याला नको ते?"

आईने पट्ट्यावरून हात फिरवला. तिचे डोळे भरून आले.

"मी? तू साखर नको म्हणालास, म्हणजे नको. कण दिला नाही रे कधी. मंगळवारी सकाळी एवढा शहाण्यासारखा पट्टा तोंडात घेऊन आला, तेव्हासुद्धा तू आणलेल्या निळ्या डब्यातल्याच मूठभर दिल्या. बिनसाखरेच्या आहेत ना त्या, म्हणून."